गोदामाचे पारवे आणि माझी चौदा पिल्लं: होमर बसवतानाचं एक प्रकरण

2025 च्या मार्चमध्ये अकरा दिवसांत माझ्या होमर कबुतरांची, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी घरी परत येणाऱ्या जातीची, चौदातली सहा पिल्लं गेली. घारीनं उचलली किंवा कुणी पळवली असती तर एक वेळ समजलं असतं, पण ती आमच्या गच्चीवरून सरळ समोर दिसणाऱ्या गोदामाच्या पत्र्यावर जाऊन बसली होती, तीनशे मीटरवर, आणि तिथून त्यांना आमची निळी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, दिसत असणारच, तरी परत आली नाहीत. मी गच्चीवर उभा राहून दाण्याचा डबा वाजवतोय आणि माझं स्वतःच्या हातानं पायात रिंग घातलेलं पिल्लू समोर बसून मान तिरकी करून माझ्याकडंच बघतंय, हे तीन दिवस बघितलंय मी. ते का झालं आणि ऑक्टोबरच्या बॅचला मी काय बदललं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण हा प्रॉब्लेम माझ्या एकट्याचा नाही, शहरात होमर पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या आजूबाजूला पारव्यांचा अड्डा असतोच.

आधी जागा सांगतो. आमचं घर सांगलीत, मार्केट यार्डच्या बाजूला, दोन मजली, वर गच्ची. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आठ बाय सहाची ढाबळ, लाकडी फळ्या आणि जाळी. गल्लीच्या टोकाला धान्याचं एक मोठं गोदाम आहे, पोती उतरवताना-चढवताना ज्वारी, मका, हरभरा सांडतो आणि ते सगळं मातेरं पारव्यांचं. फेब्रुवारी-मार्चला शाळू बाजारात यायला लागला की पारव्यांचा आकडा एकदम वाढतो, मी एकदा फोटो काढून मोजले तर पत्र्यावरचेच एकशे ऐंशी भरले, खाली रस्त्यावर दाणे टिपणारे वेगळे. आणि माझी पहिली बॅच बरोबर शाळूच्या सीझनमध्येच बाहेर पडली. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पिल्लं जानेवारीच्या मध्यात फुटली. सातव्या दिवशी रिंगा घातल्या, सत्ताविसाव्या दिवशी आईबापापासून वेगळी केली, इथपर्यंत सगळं वेळेवर. त्यानंतर खरं तर लगेच आठवड्याभरात ती जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर ठेवायला पाहिजे होती, पण घरात बहिणीचं लग्न होतं, गच्चीवर मांडवाचं सामान पडलेलं, त्यात तीन आठवडे गेले. पिल्लं आत बंदच. मी म्हटलं काय फरक पडतो, होमर आहेत, रक्तातच आहे त्यांच्या.

तर आठवा आठवडा लागला तेव्हा मी पहिल्यांदा दार उघडलं. सकाळी आठला. आणि उपाशी सोडायचं जिवावर आलं म्हणून आधी पोटभर दाणा घातला. वर बाहेर आल्यावर त्यांनी गच्चीवर रमावं म्हणून फरशीवर पण मूठ-दोन मूठ ज्वारी टाकली. आता लिहिताना मला सरळ दिसतंय की यातली एकेक गोष्ट मी पारव्यांच्या सोयीची केली होती, पण त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

दहा मिनिटांत गच्चीवर पारवे उतरले. सात-आठ होते. फरशीवरची ज्वारी टिपायला लागले आणि माझी पिल्लं त्यांच्यात मिसळली. मला तर बरंच वाटलं, पिल्लं शांत होती, घाबरत नव्हती. मग वरून एक घार गेली. घार काही कबुतरामागं लागलेली नव्हती, आपली नेहमीसारखी फिरत होती, पण तिची सावली गच्चीवरून सरकली आणि एका पारव्यानं पंख फाडकन आपटून उड्डाण घेतलं. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला माहितीये, टाळी वाजवल्यासारखा कोरडा आवाज असतो. त्या आवाजाला कबूतर विचार करत नाही, उठतं. सगळे उठले आणि त्यांच्याबरोबर माझी पाच पिल्लं पण उठली. थव्यात उडणारं कबूतर थव्याबरोबर वळतं. थवा वळला गोदामाकडं कारण ते त्यांचं घर, पिल्लं पण वळली. तीन पिल्लं संध्याकाळपर्यंत परत आली, दोन नाही आली.

मी काय केलं तर दुसऱ्या दिवशी परत तेच केलं. पारवे आले की हाकलायचो, तर हाकलल्यावर पारवे उडायचे आणि पिल्लं त्यांच्यामागं उडायची. म्हणजे माझ्याच हातानं मी ती थव्याला जोडत होतो. अकराव्या दिवशी सहावं गेलं तेव्हा दार बंद केलं आणि मिरजेला चाचांकडं गेलो.

चाचा माझ्या वडिलांच्या ओळखीचे, चाळीसेक वर्षं कबुतरं पाळतायत, आधी गिरेबाज, म्हणजे उंच उडवायची कबुतरं, होते आता होमर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरा, त्या पिल्लानं तुझी ढाबळ बाहेरनं कधी बघितली होती?"

मी म्हटलं, "चाचा, आठ आठवडे तिथंच तर होती ना ती."

"आत होती. आतनं काय दिसतंय, भिंत दिसतीय. तुझं पिल्लू गोदामावर बसून तुझ्या ढाबळीकडं बघतंय, पण त्याला ती ढाबळ म्हणून वळखूच येत न्हाई. त्याला ती एक पेटी हाय. वळख करून दिलीस का तू?"

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची गोम या एका प्रश्नात आहे. होमरला घराची ओढ असते हे खरंय, पण कुठलं घर हे जन्मतः ठरलेलं नसतं, ते शिकवावं लागतं, आणि शिकायचे दिवस थोडेच असतात. होमर परत कसा येतो यावर शास्त्रज्ञांनी भरपूर काम केलंय, सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, हवेतले वास, घराजवळ आल्यावर रस्ते आणि ओळखीच्या खुणा, सगळ्याचा थोडाथोडा वाटा निघतो. पण हे सगळं वापरून जायचं कुठं, तर जिथं त्याला बसवलंय, म्हणजे हे तुझं घर असं शिकवलंय, तिथं. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या ढाबळी चाकावरच्या गाड्यांत असायच्या आणि गाडी नव्या ठिकाणी नेली की पक्षी तिथं नव्यानं बसवून घ्यायचे. उलट मोठा झालेला, दुसरीकडं बसलेला होमर विकत आणला तर सोडल्या सोडल्या जुन्या मालकाकडं जातो, म्हणून तो आयुष्यभर जोडीला आतच ठेवतात, हे तर आपल्याकडं सगळ्यांना माहिती असतं. मला पण माहिती होतं. फक्त त्याचा उलटा अर्थ, की कुठंच न बसवलेलं पिल्लू पहिल्यांदा जिथं पोट भरेल आणि जिथं सोबत मिळेल तिथं बसेल, हा कधी डोक्यात आला नव्हता.

मग गेलेली परत आणायची खटपट. चाचांनी त्यांची एक माणसाळलेली पांढरी मादी दिली. संध्याकाळी पारवे गोदामावरून उठून गेले की ती हातात धरायची, पाय बोटांत, आणि पंख फडफडवू द्यायचे. उतरणाऱ्या कबुतरासारखं दिसतं ते लांबून, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं तिथं कुणीतरी आपलं बसतंय. पाच दिवस हे केलं. चौथ्या दिवशी एक आलं, पाचव्या दिवशी दुसरं. दोन्ही हलकी झालेली, हातात घेतल्यावर छातीचं हाड सुरीसारखं लागत होतं. बाकीची चार नाही आली.

आणि इथं माझी दुसरी चूक, जी पहिलीपेक्षा महाग पडली. आनंदाच्या भरात ती दोन्ही मी सरळ इतरांबरोबर ढाबळीत सोडली, त्याच पाण्याच्या भांड्यावर. पाचव्या दिवशी त्यातलं एक, रिंग नंबर 4, दाणा उचलायचं आणि खाली टाकायचं. उचलायचं, मान झटकायचं, टाकायचं. भूक तर होती त्याला, भांड्यावर सगळ्यात आधी तेच यायचं. चोच उघडून मोबाईलच्या टॉर्चनं बघितलं तर घशात चण्याच्या डाळीएवढा पिवळा गोळा, चीजसारखा, आणि घाण वास. कँकर. डॉक्टरांनी सांगितलं की ट्रायकोमोनास नावाचा परजीवी आहे, पाण्यातून आणि एकमेकांच्या चोचीतून पसरतो, पारव्यांत नेहमीचा, मोठ्या पक्ष्याला बहुतेक वेळा काही होत नाही आणि पिल्लू मात्र मरू शकतं. नंबर 4 वाचलं नाही, गोळा फार मागं गेला होता. अजून दोघांना लागण झाली ती औषधावर सुटली. औषधाचं नाव आणि डोस मी इथं मुद्दाम लिहीत नाही, वजनावर डोस असतो, डॉक्टरला विचारून द्या, कबुतरवाल्यांच्या ग्रुपवर जे "अर्धी गोळी एक लिटरला" चालतं त्यानं आजार दबतो आणि परत येतो. त्या पिल्लांच्या पंखाखाली चपट्या माश्या पण सापडल्या, कबुतराच्या अंगावर खेकड्यासारख्या आडव्या पळतात त्या, त्या पण रक्तातला एक आजार पसरवतात.

तेव्हापासून नियम केलाय, बाहेर रात्र काढलेलं कुठलंही कबूतर, ते माझं असलं तरी, दोन आठवडे खालच्या जिन्याजवळच्या पिंजऱ्यात वेगळं. भांडं वेगळं. त्याला दाणा घातल्यावर हात धुतल्याशिवाय वर जायचं नाही. गच्चीवरच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी जे पन्हाळीत साचायचं, जिथं पारवे येऊन प्यायचे आणि माझी पिल्लं पण, तिथं पाइप लावून ते थेट खाली काढलं. शंभर-दीडशे रुपयांचं काम ते, जानेवारीतच करायला पाहिजे होतं.

आता दुसरी बॅच. जोड्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळ्या ठेवल्या, ऑगस्टच्या मध्याला लावल्या, सप्टेंबरच्या मध्याला पिल्लं फुटली, बारा. त्याआधी मी एक काम केलं जे चाचांनी सांगितलं नव्हतं, मला आपलं सुचलं. पारव्यांचं टाइमटेबल लिहिलं. चार दिवस वही घेऊन गच्चीवर बसलो. सकाळी साडेसहाच्या आसपास थवा येतो, सात ते दहा पोत्यांच्या हालचालीवर असतो, दुपारी सावलीत, साडेतीनला परत खाली, पावणेपाचला दुसरी पंगत उठते आणि सव्वापाचच्या सुमारास पत्रा जवळजवळ रिकामा. रात्रीला ते गोदामावर राहतच नाहीत, कृष्णेकडं आयर्विन पुलाच्या कमानींत जातात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये सहाला सूर्य मावळतो असं धरलं तर सव्वापाच ते सहा ही पाऊण तासाची फट रोज मिळते, जेव्हा आकाशात त्यांचा थवा नसतो. सकाळी आठला सोडून मी मार्चमध्ये नेमकी त्यांची ऐन जेवणाची वेळ धरली होती.

गोदामावरच्या हमालमामांशी पण बोललो. त्यांना म्हटलं, "मामा, संध्याकाळचा झाडू साडेचारला मारता आला तर बघा की." ते म्हणाले, "मारतो की, आमाला काय, लवकर घरला जाईन." त्यानं थवा पाच-दहा मिनिटं आधी उठायला लागला. गल्लीतली पोरं बेचकी घेऊन यायला तयार होती, एकानं सुतळी बॉम्ब सुचवला. मी दोन्हीला स्पष्ट नाही म्हटलं. बॉम्बच्या आवाजानं सगळ्यात आधी माझंच पिल्लू उडून गेलं असतं, पारवा अर्ध्या तासात परत येतो. आणि पारव्याचा राग करून मला खरंच काही मिळत नाही. जात एकच आहे दोघांची. 2012 मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी कबुतरांच्या जनुकांवर काम केलं, त्यात तिकडच्या रस्त्यावरच्या कबुतरांचं नातं रेसिंग होमरशी जवळचं निघालं, म्हणजे आपल्यासारख्यांची हरवलेलीच ती.

पस्तिसाव्या दिवशी, अंगात उडायची ताकद पुरती यायच्या आत, बाराच्या बारा पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यात घालून ढाबळीच्या छपरावर ठेवली. रोज संध्याकाळी एक तास, सहा दिवस. काही करायचं नाही, नुसतं बघू द्यायचं. पहिल्या दिवशी ती सगळी एका कोपऱ्यात चिकटून बसली. तिसऱ्या दिवशी एकेक जण जाळीजवळ येऊन एक डोळा वर करून आकाश बघायला लागला, मग मान फिरवून टाकी, नारळाचं झाड, गोदाम, परत टाकी. ते बघत असताना मी हललो नाही. मग पिंजऱ्याचं दार ट्रॅपच्या (ढाबळीत फक्त आत येता येतं असं तारांचं दार) तोंडाला लावून, डब्यात मका वाजवून, तारांमधून ढकलून आत यायला शिकवलं. आत आलं की शेंगदाण्याचा एक तुकडा. दाणा फक्त आत. गच्चीच्या फरशीवर त्या दिवसापासून एक दाणा पडू दिला नाही, पडला तर झाडून घेतला. फरशीवर दाणा नाही म्हटल्यावर आठवड्याभरात पारवे आमच्या गच्चीवर उतरायचेच बंद झाले, एकालाही न हाकलता.

सातव्या दिवशी, सव्वापाचला, दार उघडलं. सकाळी प्रत्येकी दहा ग्रॅमच्या हिशोबानं दाणा दिला होता, बाकी वीस ग्रॅम संध्याकाळचे राखून. पोट अर्धं असलं पाहिजे, रिकामं नाही. उपाशी मारलेलं पिल्लू जिथं दाणा दिसेल तिथं उतरतं हे पण लक्षात घ्या. बाराच्या बारा ढाबळीच्या छपरावर आली, तीन-चारांनी टाकीपर्यंत उडी मारली, पंधरा मिनिटांनी डबा वाजवला आणि नऊ आत. तीन टाकीवर बसून राहिली. माझ्या पोटात गोळा आला होता, पण चाचांनी सांगितलं होतं की मागं लागायचं नाही, खाली बसायचं आणि आतल्यांना खायला घालायचं. आतली खातायत तो टपटप आवाज ऐकून एकेक करत तिघं पण आली, शेवटचं सहा वाजून पाच मिनिटांनी, जवळजवळ अंधारात.

अजून एक छोटी गोष्ट. माझी बहुतेक पिल्लं निळी, पंखावर दोन काळे पट्टे, म्हणजे लांबून शंभर टक्के पारवा. म्हणून बॅचमध्ये मुद्दाम दोन पांढरी ठेवली. थवा वर गेला की ती दोन दिसतात आणि कळतं आपली कुठली. जवळून फरक कळतो, होमरची छाती रुंद, नाकावरची पांढरी गाठ मोठी, पण दोनशे फुटांवर ते काही उपयोगाचं नाही.

या बॅचमधलं एक गेलं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शिक्रा घेऊन गेला, माझ्या डोळ्यांसमोर. बाकी अकरा. नोव्हेंबरअखेर ती एकत्र उठून अर्धा-पाऊण तास नजरेआड जाऊन यायला लागली. एक-दोनदा गोदामाच्या थव्यातून आरपार गेली आणि दुसऱ्या बाजूनं अकराच बाहेर आली, मी मोजली, परत मोजली.

टॉस, म्हणजे लांब नेऊन सोडायचा सराव, डिसेंबरच्या मध्यापासून, तीन महिन्यांची झाल्यावर. आधी अंकलीच्या बाजूला, हवेतून चार-पाच किलोमीटर, मग जयसिंगपूरच्या पुढं, मग हातकणंगले, तिथून हवेतलं अंतर साधारण सतरा-अठरा. सोडायची जागा पण बघून घ्या. पहिल्यांदा मी पुलाजवळ सोडणार होतो, गाडी लावायला बरं पडतं म्हणून, तर पुलाखाली पारवेच पारवे. बास्केटमधून निघालेलं घाबरं पिल्लू आधी सोबत शोधतं, मग दिशा. म्हणून उसाच्या फडांच्या पलीकडं, उघड्या माळाला जाऊन सोडली, आणि नदीकाठचं धुकं पूर्ण गेल्यावर, साडेआठनंतर. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून सोडली. रस्त्यानं पन्नासच्या आसपास, पण हवेतून अडतीसच. दहा पक्षी पन्नास मिनिटांच्या आत ढाबळीत, अकरावं दुसऱ्या दिवशी सकाळी. ते आता जिन्याजवळच्या पिंजऱ्यात आहे, दोन आठवडे पुरे व्हायचेत.

मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, मुंबई महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून झाकला, टीव्हीवर रोज तेच, आणि आमच्या शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "अरे, तुझ्या कबुतरांनी पण फुप्फुसाचा आजार होतो का रे?" त्यांची भीती खरी आहे. कबुतराच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसाला सूज येऊ शकते, सगळ्यात जास्त धोका ढाबळ झाडणाऱ्याला. मी त्यांना वर नेऊन दाखवलं, रोज खरवडतो, थोडं पाणी शिंपडून, मास्क लावून, आणि पिशवी बांधून टाकतो. फरशीवर दाणा न टाकल्यानं पारवे येईनात, त्यानं त्यांच्या वाळवणावरची घाण पण कमी झाली हे त्यांनीच सांगितलं.

पहिल्या बॅचमधलं नंबर 9 मला डिसेंबरमध्ये आयर्विन पुलावर दिसलं. कठड्यावर बसलं होतं, पायात माझी हिरवी रिंग, शेजारी एक पारवी मादी, मान फुगवून तिच्याभोवती फिरत होतं. तब्येत चांगली होती. मी जवळ गेलो तर उडून कमानीत गेलं.

आत्ता चार जोड्या अंड्यावर आहेत. सतरा-अठरा दिवस धरले तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पिल्लं फुटतील आणि बसवायची वेळ येईल ती मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे परत ऐन शाळूचा बाजार. तेव्हा सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, तर थवा किती वाजता उठतो ते वहीत नव्यानं लिहावं लागेल. जाळीचा पिंजरा धुऊन उन्हात ठेवलाय.